नवस बोलणारी सून

एकनाथांच्या एका भारुडाची मराठी माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. सासुरवाशीण भवानीआईपुढे उभी राहते, तिला पावण्याची गळ घालते आणि सासरच्या एकेकाला वाटेतून दूर करण्याच्या बदल्यात रोडग्याचा नवस बोलते. शाळेच्या स्नेहसंमेलनात, दिंडीत, सप्ताहाच्या मांडवात, रेडिओवर हे भारूड इतक्या वेळा कानांवरून गेलेलं असतं की आपण ते ऐकणंच सोडून दिलं आहे. ध्रुपद सुरू झालं की आपण हसायला तयार होतो आणि हसून मोकळे होतो. नाथांच्या भारुडांत मला हेच भारूड सर्वांत कसबी वाटतं. याचं कारण त्याच्या विनोदात आहे, अध्यात्मात आहे, पण त्याहून जास्त एका तिसऱ्या गोष्टीत आहे. सोंग घेऊन खेळायचा कुठलाही खेळ घ्या, त्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं असतं. एकाला हशा हवा, एकाला अर्थ, एकाला आपलं दुःख कुणीतरी मोठ्यानं बोलून दाखवावं असं वाटतं. या सगळ्यांना एकाच मांडवात, एकाच सोंगापुढे, कुणालाही न उठवता बसवून ठेवणं ही फार अवघड कला आहे, आणि या भारुडानं ती साधली आहे.

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे घरोघरच्या टीव्हीवर पोचलं. आता ते नाव घेतलं की लोकांना तेवढंच आठवतं. पण या गोदाकाठाची एक फार जुनी ओळख आहे, भारुडाची. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, जिथे नाथ नांदले आणि १५९९ साली गोदावरीतच त्यांनी देह ठेवला. खालच्या अंगाला घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ, रामदासांचं जन्मगाव. रामदासांच्या नावावरही भारुडं आहेत. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात ऊस आणि मोसंबीच्या शिवारांमध्ये वर्षभर कुठे ना कुठे अखंड हरिनाम सप्ताह चालू असतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर जागर. भारुडाची खरी वेळ जागराची. लहान पोरं आईच्या मांडीवर पेंगलेली, म्हातारे भिंतीला टेकलेले, पोरसवदा मंडळी मांडवाच्या कडेला उभी. अशा वेळी टाळकऱ्यांमधून एक गडी उठतो, नऊवारी गुंडाळून येतो, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि डोक्यावरून पदर. मिश्या तशाच असतात. कुणी त्या लपवतही नाही.

इथेच पहिलं कसब आहे. या गड्याला कुणी बाई समजावं अशी अपेक्षाच नाही. तो बाईचं सोंग घेतो आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि तरीही तो "मी" म्हणतो तेव्हा तो "मी" सुनेचा असतो. नाथांनी भारुडात कुठेही "एक सून असं म्हणाली" असा आडपडदा ठेवलेला नाही. सरळ तिच्या तोंडानं बोलायला सुरुवात केली आहे. ज्या माणसानं १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ज्यानं भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, तो पंडित सुनेच्या कंठातून बोलतो आणि स्वतःच्या पांडित्याचा मागमूस ठेवत नाही. नाथांच्या भारुडांची संख्या तीनशेच्या घरात सांगतात. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी, पांगुळ, आंधळा, बहिरा, मुका, फकीर, गारुडी, भूत, अगदी विंचू चावलेला माणूससुद्धा. पैठणच्या वाळवंटात, बाजारात, वेशीत जे जे दिसलं त्याच्या अंगात शिरून ते बोलले. हे शिरणं अर्धवट नाही. सून बोलते तेव्हा तिच्या बोलण्यात एकही शब्द असा नाही की जो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडी शोभणार नाही.

आता तो रोडगा पाहा. नवसाला बोकड असतो, सोन्याचा डोळा असतो, साडीचोळी असते, लोटांगण असतं. ही बाई रोडगा कबूल करते. मराठवाड्यात रोडगा कुणाला सांगायला नको: जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, हातानंच थापायची किंवा गोळा करायचा, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा. वरून राख झटकायची, फोडायचा, तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी किंवा वरण. शेतात, देवाच्या दारात, उघड्यावर शिजणारा हा नैवेद्य. एका पारड्यात सासरचं अख्खं घर आणि दुसऱ्या पारड्यात कणकेचा एक गोळा, या विषमतेवर पहिला हशा येतो. पण थोडं थांबून विचार करा. हिच्या हातात दुसरं आहे काय? दागिना असेल तर तो सासूच्या पेटीत, बोकड असेल तर सासऱ्याच्या मालकीचा, पैशाशी तिचा संबंध नाही. घरातली एकच गोष्ट तिच्या हाताखालून जाते, ती म्हणजे पीठ. ती त्यातूनच काहीतरी देऊ शकते. एवढ्याशा नवसानं नाथांनी तिची सगळी ऐपत सांगून टाकली आहे, आणि तीसुद्धा दयेचा एक सूर न लावता. हसणारा हसतो आणि ज्या बाईला हे ठाऊक आहे ती बाई हसता हसता ओळखते.

मग मागण्या सुरू होतात. पाठभेद पुष्कळ आहेत, फडागणिक कडवी मागेपुढे होतात, कुणी दोन वाढवतो, कुणी एक गाळतो. जो क्रम सर्वांत रुळलेला आहे तो धरून मी वाचतो आहे. पहिला येतो सासरा. तो परगावी गेलेला आहे. त्याच्याशी तिचं रोजचं वैर दिसत नाही, म्हणून मागणंही बिनकष्टाचं: गेलाच आहे तर तिकडेच संपू दे. देवीला काही करायचंच नाही, फक्त त्याला परत येऊ द्यायचं नाही. सुरुवात हलक्या हातानं केली आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, गंमत आहे. लगेच सासू. ती जाच करते, समोर असते, दिवसभर असते. तिच्या बाबतीत घाई आहे. दूर असलेल्याला सवड आणि जवळ असलेल्याला उतावीळ, एवढा फरक दोन लहान कडव्यांत घातलेला आहे.

तिसरी जाऊ. ती फटकळ, अरेला कारे करणारी. हिच्यासाठी मरण मागितलेलं नाही. तिचं डोकं भादरलं जावं असं मागितलं आहे. या कडव्याला मांडवात सर्वांत मोठा हशा होतो, आणि फारच थोड्या लोकांच्या लक्षात येतं की जावेचं डोकं भादरायचं तर आधी दीर मेला पाहिजे. दिराचं नाव भारुडात कुठेही नाही. एक पुरुष न बोलता, वाटेतल्या वाटेत मारला गेला आहे, आणि तोही जावेची जीभ बंद व्हावी म्हणून! सोबतच त्या काळी विधवेच्या वाट्याला काय यायचं तेही आलं. सुनेला आपल्या शत्रूसाठी मरणापेक्षा वाईट शिक्षा माहीत आहे, कारण ती शिक्षा तिच्या स्वतःच्या डोक्यावरही टांगलेली आहे. विनोदाच्या पोटात एवढा काळोख दडवून ठेवणं आणि तरी विनोद मोडू न देणं, हे मोठ्या कवीचंच काम आहे.

चौथ्या कडव्यात नणंदेचं पोर येतं. ते किरकिर करतं. त्याच्यासाठी ती काय मागते? खरूज. मरण नाही, दुखणं नाही, नुसती खाज! आतापर्यंत माणसं उडवत निघालेली ही बाई पोरापाशी येऊन थबकते. नाथांना सुनेची मर्यादा ठाऊक आहे. तिच्या रागाला पोराच्या जिवापर्यंत जाता येत नाही. इथे मांडवातलं हसू मऊ होतं. कसलेला भारूडकरी या कडव्याला स्वतःच्या कोपराला नखं लावतो, पाठ खांबाला घासतो, शेजारच्या टाळकऱ्याला खाजवायला सांगतो, आणि झोपलेली पोरं जागी होतात. आणि मंडळी अशी खरजेवर हसत असतानाच पाचवं कडवं येतं. नवऱ्याची आहुती देते, मला मोकळी कर.

हा जोड मला विलक्षण वाटतो. मागण्या चढत चढत गेल्या असत्या, सासरा, सासू, जाऊ, मग नवरा, तर नवरा येणार हे ऐकणाऱ्यानं आधीच ताडलं असतं आणि मनानं कवच घातलं असतं. नाथांनी मध्ये पोराची खरूज घालून सगळ्यांना बेसावध केलं. हसण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहतं आणि त्या उघड्या तोंडात हा घास येतो. शब्दसुद्धा बदललेला आहे. इतरांना संपवायचं होतं, नवऱ्याची मात्र आहुती द्यायची आहे. आहुती यज्ञात देतात आणि आपल्याजवळचं सर्वांत मोलाचं देतात. रोडग्याच्या नवसापासून निघालेली बाई आहुतीपर्यंत आली. देणं वाढलं. आता ती व्यवहार करत नाही, सर्वस्व ओवाळून टाकायला निघाली आहे.

आणि शेवटी कवीची नाममुद्रा. एका जनार्दनी हे दोन शब्द आले की वारकरी माणूस सावरून बसतो. या कडव्यात सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे एवढंच मागणं उरतं. कान देऊन ऐका, हे मागणं सुनेचंही आहे आणि साधकाचंही. दिवसभरात क्षणभर एकटं बसायला न मिळालेल्या बाईला एकांत हवा, आणि ज्याला आपल्यातल्या वासनांच्या गोतावळ्यातून सुटायचं आहे त्यालाही एकांतच हवा. सोंग उतरवल्याचा आवाज होत नाही. पदर डोक्यावर तसाच राहतो आणि आतून बोलणारा बदलतो. नाथांनी दोघांना एकाच वाक्यात उभं केलं, आणि कुणी कुणाला बाजूला सारलं नाही.

निरूपणकार या भारुडाची किल्ली सांगतात. सासू म्हणजे अमुक, जाऊ म्हणजे तमुक, नणंदेचं पोर म्हणजे आणखी काही. या जुळण्या प्रत्येक फडाच्या वेगळ्या असतात आणि त्या वेगळ्या आहेत हेच मला महत्त्वाचं वाटतं. भारुडात किल्ली दिलेलीच नाही. तुलनेला विंचवाचं भारूड घ्या. तिथे पहिल्याच फटक्यात काम-क्रोध हे नाव सांगून टाकलं आहे. विंचू कोण हे गुपित नाही. मग रस कशात? त्या विषाच्या चढण्यात, अंगभर घामानं भिजण्यात, सत्त्वगुणाचा अंगारा लावल्यावर झरझर उतरण्यात. आणि सर्वांत सुंदर म्हणजे उतार पडल्यावरही थोडी ठणक उरते, ती गुरूच शांत करतो. ज्याला वेदनेचा अभिनय पाहायचा आहे, लोळण घेणारा, ओरडणारा, मांत्रिकाला हाका मारणारा भारूडकरी पाहायचा आहे, त्याच्यासाठी विंचू. ज्याला स्वतः शोधून काढायला आवडतं, त्याच्यासाठी सून. एकाच कवीनं दोन वेगळ्या रुचींच्या माणसांसाठी दोन वेगळे दरवाजे ठेवले.

अभ्यासक भारुडाचे तीन प्रकार मानतात: भजनी, सोंगी आणि कूट. पुस्तकात ते वर्गीकरण कोरडं वाटतं. जागराला बसलेलं माणूस मात्र लगेच ओळखतं की ही तीन प्रकारच्या लोकांची नावं आहेत. काहींना टाळाच्या ठेक्यावर आपणही म्हणायचं असतं. ते ध्रुपदाची वाट पाहतात. काहींना सोंग पाहायचं असतं. काहींना कोडं हवं असतं, काट्याच्या टोकावर गावं वसवणाऱ्या ज्ञानदेवांच्या कूटासारखं, जे घरी जाताना डोक्यात वळवळत राहील. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं हयातभर या लोकपरंपरांचा मागोवा घेतला, आणि पुण्याच्या रामचंद्र देखणे यांनी भारुडावर संशोधन करून पुन्हा स्वतः "बहुरूपी भारूड" उभं करून दाखवलं. सोंग नुसतं वाचून कळत नाही, ते अंगावर घ्यावं लागतं, हे देखण्यांनी कृतीनं सांगितलं.

ही रुचीची ओढाताण आमच्याच मांडवात आहे असं नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर "मड" नावाचा एक खेळ सुरू केला. चित्रं नव्हती, नुसते शब्द. लांब लांबची माणसं एका काल्पनिक मुलखात आपापलं सोंग घेऊन वावरायची. पुढे वाद सुरू झाले. एक म्हणायचा खेळ असा हवा, दुसरा म्हणायचा हा खेळच नव्हे. बार्टलनं त्या वादातून जे हाती आलं ते १९९६ साली एका लेखात मांडलं आणि खेळणाऱ्यांना पत्त्यांची चार नावं दिली. चौकटवाल्यांना कमाई हवी, इस्पिकवाल्यांना तो मुलूख धुंडाळायचा आहे, बदामवाल्यांना माणसांशी बोलायचं आहे, किलवरवाल्यांना दुसऱ्यावर कुरघोडी करायची आहे. लेखातला खरा मुद्दा पुढचा आहे. या चौघांचं प्रमाण एकमेकांवर अवलंबून असतं. किलवरवाले फार झाले की बदामवाले उठून जातात. आज आपल्याकडची पोरंही मोबाइलवर, संगणकावर असे खेळ खेळतात. आभासी शहरात कुणी पोलीस होतो, कुणी टॅक्सीवाला, कुणी गुंड. कुणी दोघं मिळून ओळीमागून ओळ लिहीत एक गोष्ट रचतात. तक्रारी त्याच. एकाला पानभर वर्णन हवं, दुसऱ्याला दोन शब्दांत उत्तर. एकाला मारामारी, एकाला प्रेमकथा. एकाला वाटतं सोंगात शिरलास तर शेवटपर्यंत शिर. दुसरा मध्येच आपल्या घरच्या गप्पा सुरू करतो.

मला यात कुणाची रुची हलकी वाटत नाही. बार्टलच्या चारही पत्त्यांची माणसं सप्ताहाच्या मांडवात बसलेली असतात. फरक खेळाच्या घडणीत आहे. भारुडाजवळ दोन गोष्टी आहेत ज्या त्या खेळांजवळ नाहीत. एक ध्रुपद. सोंगाड्या कुठेही भरकटला, गावच्या राजकारणावर बोलला, गॅसच्या भावावर बोलला, कुणाची थट्टा केली, तरी टाळ वाजला की सगळ्यांनी एका ओळीवर परत यायचं आणि ती ओळ सगळ्यांची असते. ती म्हणायला सोंग घ्यावं लागत नाही. दुसरी मुद्रा. सोंग केव्हा उतरणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. त्यामुळे ज्याला अर्थ हवा तो दम धरतो आणि ज्याला हशा हवा तो तोवर मनसोक्त हसतो.

आणखी एक बारकावा. त्या लिहून खेळायच्या खेळांत पात्र सोडून स्वतःचं काही बोलायचं असेल तर ते दुहेरी कंसात लिहायचा संकेत आहे. भारुडात बाहेरचं जग आत येतं ते टाळकऱ्याच्या प्रश्नातून. "काय झालं गं बाई?" तो विचारतो. "बाई, सासूबाईंनी काल नवा मोबाइल घेतला." "मग?" "मग काय, आता दिवसभर लेकीशी बोलतात आणि माझ्या नावानं बोलतात!" गडी सुनेच्याच आवाजात बोलतो आहे. सोंग मोडलेलं नाही आणि आजचा दिवस मात्र मांडवात आला. प्रश्न विचारणारा हा साथीदार मला सोंगाड्याइतकाच मोलाचा वाटतो. तो प्रेक्षकांचा माणूस आहे. मंडळींना काय हवं ते ओळखून तो सोंगाला त्या बाजूला वळवतो. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे, ज्यांना आपण २०२१च्या करोनात गमावलं, त्यांनी "बुरगुंडा" हे नाथांचं भारूड असंच उघडं ठेवलं. त्याच्या आत त्यांनी व्यसनमुक्तीसारखे विषय आणले आणि तरी ते नाथांचंच भारूड राहिलं.

दोन माणसं मात्र हे भारूड मारतात. पहिला, प्रत्येक कडव्यानंतर थांबून अर्थ सांगणारा. सासरा आला की थांबला, सासू आली की थांबला. मग नवऱ्याच्या कडव्याचा घाव बसत नाही, कारण ऐकणारा बेसावधच होऊ शकत नाही. अर्थाची एवढी घाई करणाऱ्यानं नाथांवर विश्वास ठेवलेला नाही. दुसरा, सुनेच्या तोंडी द्वयर्थी बोलणं घालून मांडवाच्या कडेला उभ्या पोरांच्या शिट्ट्या मिळवणारा. त्याला हशा मिळतो, पण बायकांच्या बाजूचं हसू थांबतं. तो हशा कुणाच्या खर्चानं आला हे त्या बाजूला पाहिलं की कळतं. पहिल्याला फक्त म्हाताऱ्यांची रुची दिसते आणि दुसऱ्याला फक्त पोरांची.

एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळू नये. कुणाचं सोंग कुणी घ्यायचं? नाथांच्या जोहारांमध्ये ते गावकीचा महार होऊन बोलतात, मायबापाला जोहार घालतात, आणि देह नावाच्या गावात मन नावाचा पाटील कसा भरवशाचा नाही याची खबर देतात. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या ब्राह्मणानं तो आवाज स्वतःचा म्हणून घ्यावा ही फार मोठी गोष्ट होती, आणि ज्यांनी नाथांचा छळ केला त्यांना ती खुपलीच असणार. तरी आज ते जोहार ऐकताना मनाला टोचतं. सोंग घेणारा पहाटे ते उतरवून ठेवू शकत होता. ज्याचं जगणंच ते होतं त्याला ती सोय नव्हती. ते जगणं जगलेल्या चोखोबांचा जोहार आणि नाथांचा जोहार म्हणून वेगवेगळ्या कानांनी ऐकावा लागतो. सुनेच्या भारुडालाही हा प्रश्न लागू आहे. शतकानुशतकं ते पुरुषांनीच पदर घेऊन सादर केलं. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांच्यासारख्या कलावंत स्त्रिया भारुडात उभ्या राहिल्या तेव्हा एक गोष्ट सरळ झाली. बाई जेव्हा सुनेचा "मी" म्हणते तेव्हा मिशीवरचा हशा नाहीसा होतो, आणि एकटीला राहू दे हे शेवटचं मागणं एवढं जड होतं की मांडवात क्षणभर टाळ लावायला कुणी पुढे होत नाही. मला दोन्ही प्रयोग हवेत. पुरुषाच्या सोंगात खेळ जास्त आहे, बाईच्या सोंगात खरेपणा जास्त आहे, आणि नाथांच्या शब्दांत दोन्ही पेलायची ताकद आहे.

म्हणून या पट्ट्यातल्या सप्ताह समित्यांना, अंबडच्या, घनसावंगीच्या, अंतरवालीच्या, माझी विनंती आहे. दोन मोठ्या कीर्तनांच्या मधल्या फटीत भारुडाला दहा मिनिटं देऊ नका. दहा मिनिटांत फक्त हशा होतो. जागराचे दोन तास द्या, प्रश्न विचारणारा चांगला साथीदार मागून घ्या, बायकांच्या बाजूलाही कर्णा नीट लावा, आणि भारूडकऱ्याला अर्थ समजावून सांगायची गळ घालू नका. ज्यांनी हे भारूड फक्त मोबाइलवर तुकड्यांत ऐकलं आहे त्यांनी फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण गाठावं. नाथषष्ठीला महाराष्ट्रभरच्या दिंड्या तिथे उतरतात आणि रात्री राहुट्यांमधून भारूड चालू असतं. एका जागी बसा आणि मुद्रा येईपर्यंत उठू नका.